न फेरलेले कवेलू

काकाजी, तुमच्या जाण्याची बातमी आणि सरकारच्या एका कागदाची बातमी मला एकाच फोनवर मिळाली.

मनोहरने लाखांदूरच्या पोस्टातून आमच्या शेटच्या ऑफिसात ट्रंक कॉल लावला होता. मी पॉलिशच्या चाकावरून उठलो आणि काळे हात तसेच घेऊन धावत गेलो. धाकटा भाऊ एवढा खर्च करून फोन करतो म्हणजे घरात काहीतरी झालं, एवढंच डोक्यात. तो म्हणाला, "दादा, डोमाजी काकाजी गेले. सकाळी आंघोळ करून खाटेवर बसले, अन् बसलेच." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, "अखीन एक गोठ होती. मले नहरीच्या साहेबानं कागद देला आहे सही कराले. सर्व्हेचं गावाले काही सांगाचं नाही, असा. तू सांगशीन तसं करतो." आणि लाईन गेली.

तुमच्यासाठी रडायला मी कारखान्याच्या मागे गेलो, जिथे पितळेचा भुसा पडलेला असतो. रडलो. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, रडण्याच्या आधी मनात प्रश्न आला होता. तोच जुना, जो मी तुम्हाला तुमच्या ओसरीवर विचारला होता आणि ज्याचं उत्तर ऐकूनही माझं समाधान झालं नव्हतं. काकाजी, त्या साली तुम्हाला माहीत होतं का?

जामनगरहून आपलं गाव म्हणजे गाड्या बदलत जायचं. शेट सुटी देत नाही, दिवाळीच्या ऑर्डरी पडून आहेत. तेरवीलासुद्धा माझ्याच्याने येणं होत नाही. म्हणून लिहून राहिलो. मनोहर म्हणतो, तेरवीला चार लोकांत वाचून दाखवीन. वाचू दे. तुमच्या माघारी तुमच्यावर संशय घेतो असं कोणी म्हणेल, तर म्हणू दे. गावात सगळेच घेतात. फरक एवढाच की त्यांच्यातला कोणी तुमच्या पुढ्यात बसून बोलला नाही, मी बोललो होतो.

जे बाहेरचे वाचतील त्यांना माहीत नसेल. तुम्ही माझे सख्खे काका नव्हते. गावचे पाटील होते, पाटीलकी गेल्यावर सरपंच झाले, आणि सगळं गाव तुम्हाला काकाजीच म्हणायचं. तुमची एक सवय होती. तालुक्याहून आलात की एसटीतून उतरून घरी जात नव्हते. सरळ पारावर बसायचे, एक जोडा काढून बाजूला ठेवायचे आणि सगळं सांगायचे. रेशनची साखर कधी येणार, खताची थैली कोणाला मिळणार, कोणत्या साहेबाने किती वेळ उभं ठेवलं, कोण खुर्चीवर झोपला होता. साहेबाच्या घोरण्याची नक्कलसुद्धा करायचे. दुसरा जोडा काढला की सांगून झालं असं समजायचं. मग लोक उठायचे. आम्हाला सरकार म्हणजे तुमच्या त्या दोन जोड्यांमधला वेळ होता.

आणि त्या उन्हाळ्यात जीप आली. लाल-पांढरे पट्टे मारलेल्या काठ्या घेऊन माणसं आपल्या खालच्या धानाच्या बांध्यांमधून फिरू लागली. धरण होणार म्हणत होते. कुठे होणार, पाणी कुठवर येणार, कोणाला ठाऊक नाही. साहेबांनी तुम्हाला भंडाऱ्याला नेलं. तुम्ही परत आलात ते एसटीने नाही, त्यांच्याच जीपने, आणि उतरलात ते स्वतःच्या दाराशी. पारावर लोक वाट पाहत होते. तुम्ही त्यांना हात जोडले आणि आत गेलात.

तेव्हापासून गाव तुमच्या तोंडाकडे बघायचं सोडून तुमच्या हातापायांकडे बघायला लागलं.

आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा तो सगळ्यांच्या घरादाराचा प्रश्न होता. तुम्ही नवा बैल घेतला. फागू कोतवाल पारावर म्हणाला, "पाणी येत नाही बावा. बुडणार असतं तं पाटलानं बैल कायले घेतला असता?" कोणीतरी म्हणालं, "बैल पोहते." मग तुम्ही तुमच्या मुलीला, शांताबाईला, घाईने सासरी पोचवून आलात. पुन्हा चर्चा. "पोरगी धाडली. म्हणजे येते पाणी." त्यावर माझा बाप चिडला, "पोरगी सासरी नाही जाईल तं काय तुह्या घरी येईल?" पण घरी येऊन माझ्या मायला हळूच म्हणाला, "पोरगी धाडली म्हणतात."

तुम्ही खोकलात तरी त्याचा अर्थ लागत होता, काकाजी. तुम्हाला हे कळत नव्हतं असं मला आजही वाटत नाही.

मग कवेलूचा दिवस आला. आपल्याकडे रोहिण्या लागल्या की घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरतात, आणि ते काम सुरू होतं पाटलाच्या घरापासून. फेरणारे दोघे भाऊ दरवर्षी आधी तुमच्या दाराशी येत. काकीजी शिडीला हळदकुंकू लावत, तुम्ही स्वतः चढून वळचणीचं पहिलं कवेलू उचलून, झटकून, उलटं करून ठेवायचे. मग ते भाऊ तुमचं घर करायचे, आणि मग सारी टोली, म्हणजे आळी. तुमच्या घरावर हात पडल्याशिवाय दुसरं कोणी आपल्या घराला हात लावू देत नव्हतं. कोणी ठरवलेलं नव्हतं, पण तसंच होतं.

त्या वर्षी तुम्ही चढलात. कवेलू उचललंत. बराच वेळ हातात धरून राहिलात. खाली अर्धं गाव जमलं होतं, दरवर्षीपेक्षा जास्त. मग तुम्ही ते कवेलू जसंच्या तसं परत ठेवलं आणि शिडी उतरलात. फेरणाऱ्यांना म्हणालात, "यंदा राहू द्या."

बस, एवढे तीन शब्द.

गावाने त्याचा अर्थ काय लावला हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पाटलाचं घरच जाणार, तर बाकीच्यांचं काय राहणार. फेरणारे भाऊ दुसऱ्या गावाला निघून गेले. कोणी त्यांना थांबवलं नाही. जे घर पाण्यात जाणार त्याच्यावर मजुरी कोण घालवेल. त्याच हप्त्यात भंडाऱ्याचा एक धानाचा व्यापारी खालच्या बांध्या पाहत फिरू लागला. जमीन बुडणार आहे, सरकार देईल तेव्हा देईल, मी आज देतो, असं म्हणत होता. माझ्या बापाने आपली खालची बांधी त्याला देऊन टाकली. बाकीच्याही कितीकांनी दिली. तुम्ही तुमची दिली नाही.

आषाढात झड लागली आणि सूर्य दिसेना. न फेरलेल्या कवेलूंतून पाणी भिंतीत उतरलं. आमची मागची भिंत दुपारी, सगळे जेवत असताना, बियाण्याच्या ढोल्यावर पडली. माणसं वाचली. बियाण्याचं धान भिजून त्याला ढोल्यातच मोड आले. माय त्या मोड आलेल्या धानात हात घालून बसून राहिली होती, आणि बाप म्हणत होता, "जाऊ दे, घर जाणारच होतं."

घर गेलं नाही. गाव गेलं नाही. धरण झालं, पण फार वर, नदीच्या वळणावर. पाणी आपल्या शेताच्या धुऱ्यालाही शिवलं नाही. पुढे धरणाची नहर, म्हणजे कालवा, आली आणि त्याच खालच्या बांध्यांना पाणी मिळालं. बापाच्या बांधीत आज उन्हाळी धान उभं राहतं. दुसऱ्याचं.

माझी आठवी तिथेच सुटली. बांधी नाही, बियाणं नाही, भिंत नाही, आणि घरात मी मोठा. कोणी मला शाळेतून काढलं नाही. एक दिवस मी गेलो नाही आणि कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारलं.

हे मला विसरता येत नाही. तुम्हीच घरी आलात. बापाशी बोललात, आणि मला घेऊन एसटीत बसलात. साकोलीवरून गाडी कारध्याला आली तेव्हा पुलाच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. आपण उतरलो. खाली वैनगंगा आटलेली होती, वाळूत कलिंगडाच्या वाड्या लावल्या होत्या. तुम्ही एक घेतलं, गुडघ्यावर फोडलं आणि मोठा भाग मला दिला. मी घाबरलेलो होतो. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या कारखान्यात तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला होता, पण मला वाटत होतं, ते मला ठेवतील का, मारतील का, मी परत येईन का. तुम्ही बिया थुंकत म्हणालात, "एक ध्यानात ठेव नथ्थू. कोठंबी सही मागतली, अंगठा मागतला, तं आधी समोरच्याले मन, मोठ्यानं वाचा. चार लोकं आयकतील असं वाचा. जो कागद मोठ्यानं वाचाले लोकं घाबरतात, थ्याच्यावर सही करू नोको."

मला ती नुसती म्हाताऱ्या माणसाची शिकवण वाटली. आज वाटतं, तुम्ही त्या पुलाजवळ तुमची हकीकत सांगून राहिले होते आणि मला कळलं नाही. आणि लगेच दुसरं मन म्हणतं, की कदाचित मला कळू नये अशाच बेताने सांगितली असेल.

तुम्ही दर हिवाळ्यात कोणाकोणाच्या हाती लाखोळीची डाळ पाठवायचे, आधी भंडाऱ्याला, मग मी इकडे आलो तर इकडेही. डाळ जुन्या वर्तमानपत्रांत बांधलेली असायची, आणि एकाच्या जागी चार-चार कागद गुंडाळलेले. एवढे कागद कशाला, मी विचारलं होतं. "डाळ सांडू नये म्हणून," तुम्ही म्हणालात. ते वाचून वाचूनच मी आज हे लिहू शकतो. शाळेने आठवीपर्यंत शिकवलं, पुढचं तुमच्या डाळीने. एवढे उपकार आहेत. आणि नेमका तिथेच मला काटा टोचतो. गावात भिंती कितीकांच्या पडल्या होत्या. तुम्ही माझ्याच मागे का लागलात? जीव होता म्हणून, की आमच्या घराकडे पाहिलं की तुम्हाला ते हातातलं कवेलू दिसत होतं म्हणून? हे मी कधी विचारलं नाही. ज्याने दिलं त्याला असं विचारता येत नाही.

दुसरं मात्र विचारलं. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला गावी आलो होतो तेव्हा. बाहेर पोट्टे दंडारीच्या नाचाच्या तयारीला लागले होते, ढोलकी तापवत होते. तुम्ही ओसरीवर चिंचा फोडत बसले होते. आता सरपंचही नव्हते.

"काकाजी, त्या साली तुमी काहून चूप बसले?"

"चूप कोठं बसलो. रोज बोलत होतो."

"ढोरांसंग."

तुम्ही हसलात. मग चिंचोका बाजूला टाकून म्हणालात, "सही केली होती रे. भंडाऱ्याले, साहेबाच्या टेबलावर. आधी चहा आला, मंग बिस्कूट आलं, मंग कागद आला. का धरणाबद्दल जे कानावर पडंल थे बाहेर बोलणार नाही. बोललो तं सरपंचकी जाईल, वरून खटला. थे दिवसबी तसेच होते, कोणाले कवा धरून नेतील सांगता येत नोहोतं."

"मंग गावाले एवढंच सांगाचं, का बावा माहं तोंड बांधलं आहे, माह्याकडे पाहू नोका."

"थेबी त्याच कागदात होतं. सही केली हेबी सांगाचं नाही."

मी विचारलं, "म्हणजे पाणी कोठवरी येते हे तुमाले मालूम होतं."

"नोहोतं."

"काहीबी बोलता."

"नोहोतं, नथ्थू. सही झाल्यावर मी मनलं, आता नकाशा दाखवा. साहेब मने, तो गोपनीय आहे."

आतून काकीजी ओरडल्या, "अन् हे गावभर असे फिरत, जसी का धरणाची किल्ली यायच्याच करदोड्याले बांधली आहे."

तुम्ही त्यांना गप्प केलं नाही. मान खाली घालून चिंचा फोडत राहिलात. "लोकं विचारत, काकाजी, काय मन्ते सरकार? मले मालूम नाही, असं मनाले जीभ वळत नोहोती. सरपंचालेच मालूम नाही, हे कसं सांगाचं? लोकायले वाटे याले सबन मालूम आहे. वाटू देलं."

"अन् कवेलू?"

"हातात घेतलं अन् खाली पाह्यलं. सारे माह्या हाताकडेच पाहून राहिले होते. मनात आलं, फेरलं तं मनतील पाणी येत नाही. मंग आलं तं? मी कोणाले खोटी खातरी देऊ? मनून ठेवून देलं. मले वाटलं, काहीच नाही केलं तं काहीच बोलल्यासारखं होत नाही."

"तुमचं घर नाही गळलं?"

"गळलं नाही तं काय. तुह्या काकीनं घरात होती नोहोती तेवढी भांडी मांडली होती. विचार तिले."

काकीजींनी आतून काही उत्तर दिलं नाही. हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीसुद्धा म्हणाल्या नाहीत. ते मी ध्यानात ठेवलं आहे.

काकाजी, तुमची गोठ अशी बसते की कुठूनही उघडता येत नाही. मला तीच भीती वाटते. तुम्हाला काही माहीत नव्हतं, तर सगळं गाव विकून राहिलं असताना तुम्ही एकट्यानेच जमीन कशी धरून ठेवली? मी विचारलं तेव्हा म्हणालात, "विकून जाऊ कोठं?" उत्तर खरं असू शकते. तयार करून ठेवलेलंही असू शकते. तो व्यापारी गावात आला की तुमच्याच ओसरीवर चहा प्यायचा. "चहा मी कोणालेबी देतो," म्हणालात. देत होते, हेही खरं आहे. गावात दोन तट आहेत. एक म्हणतो डोमाजी पाटील भोळा होता. दुसरा म्हणतो, कवेलू ठेवून दिलं ते मुद्दाम, लोकांनी घाबरून विकावं म्हणून. मी जामनगरात बसून कधी या तटात असतो कधी त्या तटात. पण तुम्ही स्वतः एक बांधीही घेतली नाही, हे दुसऱ्या तटाला सांगता येत नाही. आणि त्या भिंतीखाली कोणाचं काय गेलं, हे पहिल्या तटाला सांगता येत नाही.

त्या दुपारी आपला वाद पुढे गेला होता. तुम्ही म्हणालात, साहेबाचंही काही चूक नव्हतं, नकाशा फुटला असता तर दलाल आले असते, गरिबाची जमीन लुबाडली असती. मी म्हटलं, "दलाल आले नाही का?"

"आले."

"म्हणजे त्यायले मालूम होतं."

तुम्ही अंगणातल्या गाईकडे पाहिलं.

"मंग गुपित कोणापासून होतं, काकाजी? व्यापाऱ्याले मालूम, साहेबाले मालूम, साहेबाच्या ड्रायव्हरलेबी मालूम असंल. ज्याची बांधी, त्यालेच फक्त नाही."

तुम्ही उठलात आणि गाय बांधायला गेलात. गाय बांधलेलीच होती. मी पाहिलं होतं. तुम्ही तिचं दावं सोडून परत बांधलं.

तो वाद तिथेच राहिला. पुन्हा आलो तेव्हा तुम्ही थकले होते, माझ्याच्याने तो विषय काढवला नाही. म्हणून बाकीचं आता लिहितो. तुम्ही उठून जाऊ शकत नाही.

तुम्हाला गुपित ठेवता येत होतं, आणि चांगलं ठेवता येत होतं, याचा मला आदर आहे. कोणाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही, पायलीभर तांदूळ मात्र गुपचूप पोचवले. एका घरच्या सुनेची तक्रार तुम्ही अशी मिटवली की शेजाऱ्यालाही कळलं नाही. फागूच्या बायकोला छातीचा आजार झाला तेव्हा तिला दवाखान्यात नेलं आणि गावात सांगितलं की माहेरी गेली आहे. ती गुपितं त्या माणसांची होती. उघडी केली असती तर त्यांची लाज गेली असती. म्हणून तुम्ही झाकली आणि लोकांनी तुम्हाला निवडून दिलं.

पण पाणी कुठवर येणार, हे कोणा एकाचं गुपित नव्हतं. ते सगळ्यांच्या पायाखालचं होतं. तुम्ही दोन्हीला एकच कुलूप लावलं. आणि कुलूप लावणाऱ्याने तुम्हाला हेही सांगितलं नाही की आत काय आहे. सरपंचाची सही मागायचीच असेल तर त्या सहीलाही काही हद्द असायला पाहिजे होती ना. काय सांगायचं नाही, कोणाला नाही, कधीपर्यंत नाही. आपल्या धुऱ्याला हद्द असते, गुरं चारायच्या रानाला असते, मग गप्प बसायलाच का नसावी? आणि सही झाली, एवढं तरी गावाला कळायला पाहिजे. माणूस मुका आहे हे माहीत असलं की कोणी त्याच्या खोकण्याचा अर्थ लावत बसत नाही.

हे सगळं मला पितळ घासता घासता सुचलं आहे. कायद्यात काय आहे मला ठाऊक नाही. चुकत असेन तर तुम्ही असते तर सांगितलं असतं.

आता मनोहरचं. तो यंदा सरपंच झाला, तुम्हीच त्याच्या गळ्यात पहिला हार घातला होता. नहरीची नवी शाखा निघणार आहे, ती कोणाच्या शेतातून जाईल याचा सर्व्हे सुरू आहे, आणि त्याच्यापुढे तोच कागद आला आहे. आपल्या घरात एकदा एका कागदापायी भिंत पडली आहे. सही करू नको म्हणावं, तर पोराची सरपंचकी जाईल, कोर्टकचेरी लागेल, आणि मी एवढ्या दूर. कर म्हणावं, तर उद्या लोक त्याच्या हाताकडे पाहतील. आणि मला माझ्या भावावरही संशय घ्यावा लागेल, जसा तुमच्यावर घेतो.

मी शेटच्या पाया पडून लाखांदूरला फोन लावला. मनोहरला पोस्टात बोलावून ठेवलं होतं. "कागदात काय लिहून आहे?" विचारलं. त्याने जे सांगितलं ते जवळपास तुमचंच होतं, काकाजी. सही केली हेही सांगायचं नाही, तेसुद्धा होतं. मी म्हटलं, साहेबाला म्हण, काय लपवायचं, कोणापासून, कधीपर्यंत, हे त्यात लिहून दे. मनोहर म्हणाला, "मनलं मी. साहेब मने, फॉर्म छापील आहे, त्यात जागा नाही."

तेव्हा मला कारध्याचा पूल आठवला. मी म्हटलं, "सही करू नोको. पह्यले मोठ्यानं वाच. चार लोकं आयकतील असं."

तिकडून पोरगं म्हणालं, "काकाजीबी मले हेच मनत होते. गेल्या हप्त्यात. मले वाटलं बुडगा बरळून राहिला."

म्हणजे तुम्ही त्यालाही सांगितलं होतं. जाता जाता. का सांगितलं हे आता कोणाला विचारू? शिकवण होती की कबुली होती? मी काही ठरवू शकत नाही. तुमच्यावरचा संशय माझा गेलेला नाही, काकाजी. पण तुम्ही दिलेलं वाक्य मी वापरलं.

पुढचं मनोहरने कालच्या फोनवर सांगितलं. त्याने सही केली नाही. फागू म्हातारा झाला, पण कोतवालकी अजून त्याच्याकडेच आहे. त्याला बोलावून मनोहरने दवंडी द्यायला लावली. फागू डफ घेऊन प्रत्येक टोलीत फिरला:

"आयका हो आयका. नहरीचे साहेब आले होते. सरपंचाले कागद देला आहे, का गावाले सांगू नोको. काय सांगू नोको, थे सरपंचालेबी मालूम नाही. सही झाली नाही. बुधवारच्या दिवसी चावडीवर कागद मोठ्यानं वाचतील, ज्याले कान आहेत थ्यानं यावं हो."

लोक हसले म्हणे. मग हसायचे थांबले. आता त्या साहेबाकडून काय येईल मला माहीत नाही. नोटीस येईल, मनोहरला काढतील, किंवा काहीच होणार नाही. मला इथे झोप नाही. चाकावर हात धरतानाही कान शेटच्या फोनकडे असतात.

पण मनोहरने शेवटी जे सांगितलं ते तुम्हाला सांगायचं म्हणून एवढं लिहिलं. फागू फिरत फिरत तुमच्या घरासमोर आला. सुतक आहे म्हणून त्याने डफ काखेत घेतला आणि गुपचूप पुढे जाऊ लागला. काकीजी दारात आल्या. म्हणाल्या, "काहून रे, आमाले नाही सांगाचं काय?" फागू थांबला. डफ न वाजवता, हळू आवाजात त्याने सगळं सांगितलं. काकीजींनी त्याला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग तुम्ही ते कवेलू परत ठेवलं होतं त्या वळचणीकडे पाहत म्हणाल्या, "एवढंच. एवढं तं यायलेबी सांगता आलं असतं."